वेब-पत्ता आणि कंट्रोलरमधील ॲक्शन : रेल्समधील राउटिंगचे विवेचन

महाजालावरील पत्ता म्हणजे सर्व्हरवरील एखाद्या फाइलचे स्थान, ही समजूत संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांतही आढळते. एकेकाळी ती बऱ्याच अंशी यथार्थ होती. डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी २००४ मध्ये खुल्या केलेल्या रूबी ऑन रेल्स या फ्रेमवर्कमध्ये मात्र पत्ता व फाइल यांचा असा थेट संबंध उरत नाही. पत्त्याचा अर्थ राउटर लावतो. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे व तीत दडलेल्या एका धोक्याचे विवेचन केले आहे.

'/बुक्स/५' ही विनंती आली असता राउटर नियमांची यादी वरून खाली तपासतो. प्रथम जुळणारा नियम लागू होतो. त्याखालील नियमांचा विचारच होत नाही. येथे बुक्स कंट्रोलरमधील 'शो' ही ॲक्शन निवडली जाते व ५ हा आयडी तिला मिळतो. '/बुक्स/:आयडी' हा नियम '/बुक्स/न्यू' या नियमाच्या आधी लिहिल्यास 'न्यू' हाच आयडी मानला जातो आणि त्या आयडीच्या पुस्तकाचा निष्फळ शोध सुरू होतो.

प्रारंभीच्या आवृत्त्यांत ':कंट्रोलर/:ॲक्शन/:आयडी' असा एकच सर्वसमावेशक नियम आयता मिळत असे. तो सोयीचा खराच; परंतु त्यामुळे कंट्रोलरमधील प्रत्येक सार्वजनिक ॲक्शन साध्या गेट विनंतीने चालविता येई, नोंद पुसणारीसुद्धा. २००५ मध्ये गूगलच्या वेब ॲक्सिलरेटरने पानांवरील दुवे वापरकर्त्याने न उघडताच आगाऊ मागविण्यास आरंभ केला, तेव्हा काही संकेतस्थळांवरील 'पुसा' हे दुवेही त्याने मागविले व नोंदी नष्ट झाल्या. 'खात्री आहे का?' हा जावास्क्रिप्टचा प्रश्न त्या यंत्रणेस अडवू शकला नाही. दोष तिला देण्यात आला. तथापि गेटने माहितीत बदल घडवू नये, हा एचटीटीपीचा संकेत त्यापूर्वीच लिखित स्वरूपात होता.

२००७ मधील १.२ या आवृत्तीपासून पत्त्यासोबत विनंतीचा प्रकारही विचारात घेणारी 'रिसोर्सेस' पद्धती रूढ झाली. '/बुक्स/५' या एकाच पत्त्यावर गेट आल्यास 'शो', डिलीट आल्यास 'डिस्ट्रॉय'. ब्राउझरचा फॉर्म डिलीट पाठवू शकत नसल्याने पोस्टसोबत एक छुपे फील्ड जोडले जाते. २०१० च्या तिसऱ्या आवृत्तीत जुना सर्वसमावेशक नियम मुळातच निष्क्रिय ठेवण्यात आला.

एवढे करूनही राउटर केवळ ॲक्शन निवडतो, अधिकार तपासत नाही. पत्त्यातील ५ च्या जागी ६ लिहून दुसऱ्याची गुणपत्रिका उघडत असेल, तर ती तपासणी कंट्रोलरमध्येच लिहावी लागते.