सर्व्हरची स्वास्थ्य तपासणी आणि सुव्यवस्थित समापन

सर्व्हर प्रोग्राम विनंत्यांना उत्तर देण्याच्या स्थितीत आहे की नाही, हे दुसऱ्या प्रणालीने ठरावीक अंतराने विचारून पाहणे म्हणजे स्वास्थ्य तपासणी होय. थांबण्याची सूचना मिळाल्यावर प्रोग्रामने नवे काम न स्वीकारता हाती असलेले काम पूर्ण करून बंद होणे, यास सुव्यवस्थित समापन म्हणतात. व्यवहारात हेल्थ चेक आणि ग्रेसफुल शटडाउन हे शब्द अधिक रूढ आहेत.

गरज

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे शहर मुंबई–नाशिक महामार्गालगतच्या गोदामांमुळे मालसाठवणुकीचेही मोठे केंद्र झाले आहे. अशा गोदामात खोक्यावरील बारकोड वाचला की त्याची नोंद सर्व्हरकडे जाते. नेमक्या त्याच क्षणी नवी आवृत्ती बसवण्यासाठी जुना सर्व्हर एकाएकी बंद केला, तर खोके ट्रकमध्ये चढते, पण नोंदीत ते गोदामातच राहते. हा फरक पुढच्या साठा-मोजणीपर्यंत लक्षात येईलच असे नाही.

तपासणीचे प्रकार

प्रोग्राम चालू असणे आणि तो कामास सज्ज असणे या भिन्न गोष्टी आहेत. यंत्रमागातही हा भेद ओळखलेला आहे: आडवा धागा तुटल्यास माग आपोआप थांबवणारी योजना त्यात असते, कारण धाग्याविना माग कितीही फिरला तरी कापड विणले जात नाही.

गूगलने २०१४ मध्ये जाहीर केलेल्या कुबरनेटिस या प्रणालीत यासाठी दोन स्वतंत्र तपासण्या आहेत. जिवंतपणाची तपासणी अयशस्वी झाल्यास प्रोग्राम पुन्हा सुरू केला जातो; सज्जतेची तपासणी अयशस्वी झाल्यास तो चालूच राहतो, फक्त त्याच्याकडे विनंत्या पाठवणे थांबते. वेगळे मूल्य न दिल्यास तपासणी दर १० सेकंदांनी होते, उत्तरासाठी १ सेकंद मिळतो आणि सलग ३ अपयशांनंतर कारवाई होते. सावकाश सुरू होणाऱ्या प्रोग्रामसाठी प्रारंभाची तिसरी तपासणीही ठेवता येते.

जिवंतपणाच्या तपासणीत डेटाबेसची चौकशी घालणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. डेटाबेस क्षणभर मंदावताच सर्व सर्व्हर एकदम पुन्हा सुरू होतात आणि मूळ अडचणीत भर पडते. ती चौकशी फार तर सज्जतेच्या तपासणीत असावी.

सज्जता संपल्यावर व्यवहार थांबवणेच योग्य ठरते, याचे उदाहरण मुंबईतील राष्ट्रीय शेअर बाजारात २४ फेब्रुवारी २०२१ रोजी दिसले. दूरसंचार जोडण्यांतील बिघाडानंतर जोखीम-व्यवस्थापन प्रणाली अनुपलब्ध झाली. सकाळी ११.४० वाजता थांबवलेले व्यवहार दुपारी ३.४५ वाजता सुरू होऊन सायंकाळी ५ पर्यंत चालले.

समापनाचा क्रम

युनिक्स व लिनक्स प्रणालींत थांबण्याची विनंती सिगटर्म या संकेताने केली जाते. प्रोग्राम तो ऐकून आवराआवर करू शकतो. सिगकिल मात्र ऐकता किंवा अडवता येत नाही. दोहोंमधील मुदत कुबरनेटिसमध्ये ३० सेकंद, डॉकरच्या थांबवण्याच्या आज्ञेत सामान्यतः १० सेकंद, तर सिस्टमडीमध्ये बहुधा ९० सेकंद असते. एनजिनएक्स हा सर्व्हर येथे अपवाद आहे: सिगटर्म मिळताच तो झटपट बंद होतो, सुव्यवस्थित समापनासाठी त्याला सिगक्विट द्यावा लागतो.

कुबरनेटिसमध्ये सिगटर्म पाठवणे आणि विनंत्यांच्या यादीतून सर्व्हर वगळणे एकाच सुमारास सुरू होते. वगळल्याची वार्ता सर्वत्र पोहोचेपर्यंत काही विनंत्या बंद होणाऱ्या सर्व्हरकडेच येतात. म्हणून संकेतापूर्वी काही सेकंद थांबण्याची सोय करतात. ते सेकंदही त्याच ३० सेकंदांतून जातात, हे अनेकदा विसरले जाते. कंटेनरमधील पहिली प्रक्रिया शेल असल्यास संकेत प्रत्यक्ष प्रोग्रामपर्यंत पोहोचतच नाही, आणि मुदत संपताच तो सक्तीने बंद केला जातो.

वीज अचानक गेल्यास यांपैकी कोणताच क्रम पाळला जात नाही. त्यासाठी प्रत्येक नोंदीला एकमेव क्रमांक देतात. उत्तर न आल्यास बारकोड-वाचक तीच नोंद पुन्हा पाठवतो आणि सर्व्हर क्रमांक पाहून ती एकदाच धरतो.