सीमाभागातील उताऱ्यांचे स्थलांतर

१ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा जमिनीचे दप्तर कचेरीतील आपल्या जागीच राहिले. बदलला तो त्यावरील अंमल आणि हळूहळू त्याची भाषा. मुंबई इलाख्यातील १९०३ च्या हक्कनोंदणीच्या कायद्यापासून साठत आलेले फेरफार, मोडीतील जुने कागद, मराठी उतारे, हे सारे त्या दप्तरात होते.

खरे स्थलांतर घडले ते या शतकाच्या आरंभी, कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’ योजनेत. राज्यातील १७७ तालुके, सुमारे ६७ लक्ष खातेदार आणि दोन कोटींच्या आसपास उतारे संगणकात उतरवावयाचे होते. बेळगाव जिल्ह्यातील निपाणी तेव्हा चिकोडी तालुक्यात मोडत असे, त्यामुळे तिथले काम चिकोडीच्या कचेरीत चाले. नोंदी भरून झाल्या की त्यांच्या छापील प्रती गावकामगारांकडे रुजुवातीसाठी जात, चुका दुरुस्त होत. परंतु हे काम चालू असताना खरेदीखते, वारसा, गहाण, वाटण्या काही थांबत नव्हत्या, आणि म्हणून दरम्यानचे हे फेरफार नव्या दप्तरात चढविल्यावाचून जुने दप्तर बंद करणे म्हणजे एखाद्याचा रास्त हक्क दोन दप्तरांच्या मध्येच हरवू देणे होते. ते झाल्यावरच तालुकावार जाहीर तारखेपासून हस्तलिखित उतारा अग्राह्य ठरला, आणि गावकामगाराच्या बस्त्यात बंदिस्त असलेली नोंद पंधरा रुपयांत तालुक्याच्या खिडकीवर कोणाही रयतेला मिळू लागली. ही सुधारणा थोर होती, हे मी निःशंकपणे म्हणतो.

पुढे दहाएक वर्षांनी चालू व्यवहार न थांबवता जुनी माहिती नव्या प्रणालीत नेण्याचा हाच प्रश्न मोठ्या उद्योगांपुढे उभा राहिला. २०१० मध्ये जाहीर झालेल्या सॅप हाना या प्रणालीत सारी माहिती चकतीऐवजी संगणकाच्या मुख्य स्मृतीतच वावरते, आणि वीज जाताच स्मृती रिकामी होते म्हणून तिची नोंद ठरावीक काळाने चकतीवरही उतरविली जाते. तेथे माहिती नेताना संपूर्ण नक्कल होते; तत्पूर्वीच जुन्या कोष्टकांवर बसविलेले ट्रिगर प्रत्येक नवा बदल वेगळ्या टिपणवहीत टिपतात, आणि त्या टिपणांवरून नवी प्रत अद्ययावत राहते. चिकोडीच्या कचेरीत कारकुनाने हाताने केलेले कामच येथे यंत्र अखंड करते.

मात्र मूळ नोंद खरी की खोटी, हे यंत्राला कळत नाही. एका गटाच्या उताऱ्यावर बापाचे नाव जोतिबा, दुसऱ्यावर ज्योतिबा, आणि दोन्ही कानडी लिपीत उतरलेली. अशा वेळी पीककर्जाच्या टेबलावर एकच खातेदार दोन इसम ठरतो. माणूस हे एका दृष्टिक्षेपात ओळखतो, प्रतिज्ञापत्र मात्र खातेदारालाच करावे लागते. वेग वाढला तशी चूकही वेगाने पसरते. म्हणून रुजुवातीचे महत्त्व घटले नाही, उलट वाढले आहे.

ज्यांच्या घरी ट्रंकेत वडिलांच्या वेळचा मराठी उतारा आहे, त्यांनी तो काढून आजच्या उताऱ्याशी पडताळून पाहावा: सर्व्हे नंबर, हिस्सा, क्षेत्र, नाव, बोजा. तफावत आढळल्यास तहसील कचेरीत दुरुस्तीचा अर्ज द्यावा, पोच घ्यावी, आणि जुना कागद रद्दीत टाकू नये.