आधी उतरून बघा, मग इंजिनाचं विचारा

निवृत्तीनंतर कोकणात गावी येऊन राहिलेल्यांत गरीची हौस असणारे बरेच असतात. खाडीत तांबोशी आहे, नशीब असेल तर जिताडाही. वेळ तर भरपूर. मग स्वतःची छोटी बोट घ्यावीशी वाटते आणि चौकशी सुरू होते ती इंजिनाच्या हॉर्सपॉवरची. साठी ओलांडलेल्याने खरं तर आधी विचारावं, सुकतीला धक्क्यावरून या बोटीत उतरता येईल का? आणि परत वर येता येईल का?

उधाणाच्या दिवसांत दक्षिण कोकणातही भरती-सुकतीत दोन मीटरहून जास्त फरक पडतो. सकाळी धक्क्याच्या बरोबरीला असलेली बोट दुपारी माणूसभर खाली गेलेली असते आणि मधल्या पायऱ्यांवर शेवाळ. एक पाय पायरीवर, दुसरा बोटीच्या काठावर, की बोट लांब सरकलीच म्हणून समजा. पाय काठावर नाही, थेट तळाच्या मध्यावर पडला पाहिजे आणि धरायला कमरेएवढी पक्की दांडी हवी. छोट्या फायबर बोटींना ती सहसा नसते. बसवून घ्यावी लागते. अष्टमीनंतरच्या भांगाच्या दिवसांत पाणी कमी चढतं-उतरतं. सुरुवात त्या दिवसांत करावी.

पुढचा मुद्दा बैठकीचा. फळी वीतभर उंचीची असली की गुडघे छातीशी येतात आणि उठताना झोक जातो. खुर्चीएवढी उंच, पाठ असलेली बैठक सोयीची, पण माणूस जितका उंच बसेल तितकी बोट डुलते. अरुंद बोटीत उंच खुर्ची टाकणं म्हणजे संकटाला आमंत्रण. म्हणून लांबीपेक्षा रुंदीवर पैसे घाला. सपाट तळाची रुंद बोट खाडीच्या शांत पाण्यात उत्तम. लाटेवर तीच आपटते आणि कंबर धरते, म्हणून खाडीच्या मुखाबाहेर तिला नेऊच नये.

आपली उलांडीची होडी हा तोल सांभाळण्याचा जुना उपाय. बाजूला काढलेलं लाकूड एकीकडे तरंगून आणि दुसरीकडे आपल्या वजनाने होडी सावरतं. पण आत बसायला जागा चिंचोळी, पाय लांब करायची सोय नाही. अमेरिकेत मिनेसोटातल्या अँब्रोस वीरेस या शेतकऱ्याने 1952 मध्ये धातूच्या दोन नळकांड्यांवर लाकडी फलाट ठोकून पाँटून बोट बनवली. आज तिकडचे आजी-आजोबा तिच्यावर खुर्च्या मांडून गळ टाकतात. तळ्यासाठी ती झकास. आपल्याकडच्या धरणाच्या पाण्यातही चालेल, अर्थात परवानगी असेल तर.

विकणाऱ्याला एक प्रश्न हमखास विचारा. बोट पाण्याने भरली तर तरंगत राहील का? बैठकीखाली आणि काठात फोम भरलेला असेल तर राहते. नुसत्या पोकळ कप्प्यांवर विसंबू नका. त्यांना चीर गेली की पाणी शिरतं. मागे शिडी हवी आणि तिच्या दोन-तीन पायऱ्या पाण्याखाली गेल्या पाहिजेत. पाण्यात पडलेला सत्तरीचा माणूस नुसत्या हाताच्या जोरावर काठावरून आत येऊ शकत नाही.

इंजिन बटणावर सुरू होणारं घ्या, दोरी ओढण्यात खांदा जातो. ते बंद पाडणारी लाल दोरी मनगटाला अडकवा, म्हणजे तुम्ही पडलात तर बोट पुढे निघून जाणार नाही. नांगर नाळेवरूनच, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरूनच टाकावा. मागून टाकला तर ओढीने इंजिनाकडची बाजू दबते आणि पाणी आत येतं.

आता जरा संकोचाचा विषय. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीला वारंवार लागते, चटकन उठलं की चक्कर येते, आणि पुरुषमंडळी नेमकी त्याच वेळी काठाशी उभी राहतात. बोटीत रुंद तोंडाचा झाकणाचा डबा ठेवा आणि बसूनच उरका. लाईफ जॅकेट मात्र डब्याशेजारी पडलेलं नको, अंगावर हवं. उकडतं ही तक्रार खरी आहे. कमरेला बांधायचं, दोरी ओढली की फुगणारं मिळतं, पण घाबरलेल्या माणसाला दोरी सापडेलच असं नाही. त्यापेक्षा फोमचं बरं.

पैसे देण्याआधी विक्रेत्याला सुकतीची वेळ द्या. चढ-उतार स्वतः करून बघा आणि गरीला येणारा जोडीदारही सोबत न्या, कारण बोट डुलते की नाही हे दोघं एकाच काठाला वाकल्यावरच कळतं.