यंत्र बदललें म्हणजे परवान्याचें काय?



१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 'विंडोज १०' ह्या ऑपरेटिंग सिस्टिमची नेहमीची देखभाल थांबविली. तेव्हांपासून जुना संगणक सुधारावा कीं नवा घ्यावा, हा प्रश्न आपल्या कोल्हापुरांतील अनेक घरांत उभा राहिला आहे. मध्यंतरीं एक पालक आम्हांस भेटले. मुलाच्या संगणकाचा बिघडलेला मदरबोर्ड त्यांनीं बदलून घेतला होता. यंत्र सुरू झालें; परंतु 'विंडोज सक्रिय नाहीं' अशी सूचना पडद्यावर दिसूं लागली. दुकानदार म्हणाला, "थोडे पैसे द्या, कशी तरी चालू करून देतों." पालकांनीं आम्हांस विचारलें, "एकदां पैसे भरले असतां पुन्हां कशाचे?" हा प्रश्न अनेकांचा असल्यानें त्याचें उत्तर येथें देत आहों.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, पैसे देऊन आपणांस ऑपरेटिंग सिस्टिमची मालकी मिळत नाहीं. मिळतो तो वापरण्याचा परवाना. आपल्या नगरींत १८५० पासून असलेल्या करवीर नगर वाचन मंदिरांत वर्गणी भरणारास पुस्तक वाचण्याचा हक्क मिळतो, पुस्तक त्याचें होत नाहीं. तद्वतच हें होय. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९८४ सालीं दुरुस्ती होऊन संगणकाचे प्रोग्रॅमही वाङ्मयकृतींत गणले जाऊं लागले.

परवान्याचे घरगुती प्रकार मुख्यतः दोन. संगणकाबरोबर कारखान्यांतूनच येतो तो 'ओईएम', व निराळा विकत घेतात तो 'रिटेल'. पहिला शेतांतील विहिरीसारखा आहे. शेत विकलें म्हणजे विहीर उचलून नेतां येत नाहीं. दुसरा बैलजोडीसारखा, ती धन्याबरोबर दुसऱ्या शेतावर जाते, परंतु एका वेळीं एकच शेत नांगरते. म्हणून रिटेल परवाना नव्या यंत्रावर नेतांना जुन्यावरून तो काढून टाकणें अवश्य आहे.

आतां यंत्र ओळखलें कसें जातें? २००१ च्या 'विंडोज एक्सपी'पासून यंत्राच्या निरनिराळ्या भागांवरून त्याची एक खूण तयार करण्याची पद्धत सुरू झाली. मेमरी वाढविली किंवा डिस्क बदलली तर बहुधा कांहीं बिघडत नाहीं. मदरबोर्ड बदलला कीं मात्र यंत्रच नवें समजलें जातें. तथापि ह्या नियमास एक महत्त्वाचा अपवाद आहे. मूळचा बोर्ड बिघडला म्हणून त्याच जातीचा, अथवा कारखानदारानें दिलेला तत्सम बोर्ड बसविला, तर ओईएम परवाना कायम राहतो. केवळ अधिक वेगाच्या हौसेनें बदलला तर राहत नाहीं. उपर्युक्त पालकांचा बोर्ड बिघडलेला होता व नवा त्याच जातीचा होता. म्हणजे त्यांचा हक्क शाबूत होता. तो त्यांनीं पावती दाखवून मिळविला, दुकानदाराच्या आडमार्गानें नव्हे.

यंत्रास हात लावण्यापूर्वीं तीन गोष्टी कराव्या. खरेदीची पावती व पंचवीस अक्षरांची चावी जपून ठेवावी. सेटिंग्जमधील 'अॅक्टिव्हेशन' ह्या पानावर परवाना आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशीं जोडावा. ही सोय २०१६ पासून आहे. काम झाल्यावर त्याच पानावरील 'ट्रबलशूटर' उघडून, यंत्राचा भाग नुकताच बदलला आहे, हा पर्याय निवडावा.

'विंडोज ११' करितां टीपीएम २.०, ४ जीबी मेमरी व ६४ जीबी जागा लागते, व प्रोसेसरही कंपनीनें मान्य केलेला असावा लागतो. यंत्र ह्या अटींत बसत असेल, तर सक्रिय 'विंडोज १०' वरून तेथें जाण्यास नवा परवाना विकत घ्यावा लागत नाहीं. बसत नसेल, तर सी-डॅकनें तयार केलेल्या 'बॉस' सारख्या लिनक्स प्रणाली आहेत. त्या कितीही यंत्रांवर मोकळेपणीं घालतां येतात.

शेवटीं पालकांस एवढीच विनंती कीं, चोरीच्या चावीनें उघडलेल्या यंत्रावर आपलें मूल अभ्यास करितें, तेव्हां तें अभ्यासाबरोबर आणखीही कांहीं शिकत असतें. परवाना नीट वाचला तर पुष्कळदां पैसे वांचतात, आणि मान ताठ राहते ती निराळीच.