उणे ३१.४ म्हणजे नेमकं काय? ध्रुवीय नोंदी आणि मेटाडेटा

समजा, अंटार्क्टिकातल्या एका केंद्राची फाईल तुमच्या हातात आली. रकाने तीनच: वेळ, तापमान, दाब. एका ओळीत तापमान उणे ३१.४, दाब ६८०. आता सांगा, सेन्सर बर्फापासून किती उंचीवर होता? वेळ जागतिक प्रमाणवेळ, की केंद्रातल्या घड्याळाची? (दक्षिण ध्रुवावरच्या अमुंडसेन-स्कॉट केंद्रात घड्याळं न्यूझीलंडच्या वेळेवर चालतात!) दाब केंद्राच्या उंचीवरचा, की समुद्रसपाटीला आणलेला? हे केंद्र सुमारे २८३५ मीटर उंचीवर आहे, तिथे ६८० हेक्टोपास्कल अगदी नेहमीचा. उंची माहीत नसलेला माणूस ती ओळ चुकीची समजून खोडून टाकेल. ही सगळी उत्तरं म्हणजे मेटाडेटा: नोंदीविषयीची नोंद.

कंटाळवाणं काम वाटतं ना? मग हॅरी आणि गिलची गोष्ट वाचा. ही अंटार्क्टिकातल्या दोन स्वयंचलित हवामान केंद्रांची नावं. हॅरी पश्चिम अंटार्क्टिकात, गिल रॉस समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या विशाल थरावर. २००९ साली लक्षात आलं की अभ्यासकांच्या नेहमीच्या वापरातल्या एका संग्रहात हॅरीच्या नावाखाली गिलच्याही नोंदी जोडल्या गेल्या होत्या. त्याच सुमाराला ‘नेचर’मध्ये पश्चिम अंटार्क्टिका तापत असल्याचा गाजलेला शोधनिबंध आला होता आणि त्यातल्या एका विश्लेषणात हॅरी होतं. मुख्य निष्कर्ष उपग्रहांच्या आकड्यांवर उभा होता, त्यामुळे त्याला धक्का लागला नाही, असं लेखकांनी स्पष्ट केलं. पण दोन ठिकाणांची मालिका एक समजून तिचा कल काढला, तर येणारं उत्तर हवामानाचं नसतं, जोडकामाचं असतं.

ध्रुवांजवळ आणखी एक पंचाईत आहे. तिथे केंद्राखालची ‘जमीन’च सरकते. दक्षिण ध्रुवावरचा बर्फ वर्षाला सुमारे १० मीटर वाहतो, म्हणून ध्रुवाची खूण दर १ जानेवारीला नव्याने रोवतात. ब्रिटनचं हॅली केंद्र तर बर्फातल्या भेगेमुळे २०१६-१७ मध्ये २३ किलोमीटर ओढून नेलं. आणि बर्फ साचतो तो वेगळाच. तीन मीटरवर बसवलेला सेन्सर काही वर्षांत एका मीटरवर येऊ शकतो. हिवाळ्यात पृष्ठभागालगतची हवा वरच्यापेक्षा जास्त थंड असते, म्हणजे हवामान जराही न बदलता तुमचा आलेख थंड होत जाणार! त्यामुळे ‘सेन्सरची उंची’ हा एक आकडा लिहून भागत नाही, तारखेनुसार तिचा इतिहास लागतो.

हे प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने लिहिलं तर संगणकाला काहीच जुळवता येत नाही. म्हणून जागतिक हवामान संघटनेचं विगॉस मेटाडेटा मानक आहे. त्यात केंद्राला चार भागांची ओळख मिळते (अमुंडसेन-स्कॉटची ०-२००००-०-८९००९), आणि केंद्राची माहिती ऑस्कर नावाच्या सामायिक कोशात राहते. फाईलमधल्या रकान्यांची नावं आणि एककं ठरवायला सीएफ संकेत आहेत. माझ्या मते रकान्यांची नावं जुळवणं हा सोपा भाग. अवघड आहे तो इतिहास, कारण तो बर्फात उभ्या असलेल्या माणसानेच त्या दिवशी लिहावा लागतो.

मैत्री आणि भारती या आपल्या केंद्रांचा डेटा सांभाळणारं राष्ट्रीय ध्रुवीय डेटा केंद्र गोव्यातच आहे. तिथून किंवा कुठूनही डेटा उतरवाल, तेव्हा आलेख काढण्याआधी सेन्सर कधी बदलला, खांब कधी वर उचलला, याच्या तारखा शोधा. मेटाडेटात नसतील तर मोहिमेच्या अहवालात बघा, आणि सापडल्या की आलेखावर तिथे उभी रेघ मारा.