विश्लेषण : शिवी देणे ख्रिस्ती धर्मात पाप मानले जाते का? बायबल आणि चर्च काय सांगतात?

२ मार्च २०१४, रविवार. व्हॅटिकनच्या खिडकीतून पोप फ्रान्सिस खाली जमलेल्या भाविकांशी इटालियन भाषेत बोलत होते. 'या बाबतीत' असे म्हणायचे होते, पण उच्चारात गल्लत झाली आणि पुरुषाच्या लिंगावरून दिली जाणारी शिवी तोंडून निघून गेली. पोपनी लगेच शब्द दुरुस्त केला. चित्रफीत जगभर फिरली, लोक हसले आणि विषय संपला.

दहा वर्षांनंतर, मे २०२४ मध्ये, इटलीतील बिशपांबरोबर बंद दाराआड झालेल्या बैठकीत याच पोपनी समलैंगिक पुरुषांना हिणवणारा शब्द वापरल्याचे इटालियन माध्यमांनी प्रसिद्ध केले. या वेळी मात्र व्हॅटिकनला दिलगिरी व्यक्त करावी लागली.

दोन्ही शब्द असभ्यच. मग एक हसण्यावारी गेला आणि दुसऱ्यासाठी माफी मागावी लागली, असे का? शिवी देणे पाप आहे का, या प्रश्नाचे ख्रिस्ती धर्मातील उत्तर याच फरकात दडलेले आहे.

शिवी, शपथ आणि शाप यांत फरक काय?

इंग्रजीत 'स्वेअर' या एकाच क्रियापदाचे दोन अर्थ आहेत : शपथ घेणे आणि शिवी देणे. त्यामुळे इंग्रजीत या विषयावर वाचताना बराच गोंधळ होतो. मराठीत शपथ, शिवी आणि शाप असे तीन वेगळे शब्द आहेत. ते समोर ठेवले, तर चर्चची भूमिका समजणे सोपे जाते.

ख्रिस्ती परंपरेत बोलण्यातून होणारे अपराध साधारण पाच प्रकारचे मानले जातात. देवाची निंदा करणे, देवाचे नाव घेऊन खोटी किंवा पोकळ शपथ वाहणे, एखाद्याचे वाईट व्हावे म्हणून शाप देणे, समोरच्याचा अपमान करणे आणि अश्लील बोलणे. या सगळ्यांचे वजन सारखे नाही. रोजच्या भाषेत आपण ज्याला 'शिवी' म्हणतो, ती यांपैकी कशात मोडते यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

दहा आज्ञांमध्ये शिवीचा उल्लेख आहे का?

थेट नाही. मोशेला मिळालेल्या दहा आज्ञांपैकी एक आज्ञा देवाचे नाव व्यर्थ घेण्यास मनाई करते. ती 'निर्गम' या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात आहे. कॅथलिक कुटुंबातील मूल ती दुसरी आज्ञा म्हणून पाठ करते, तर बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये ती तिसरी गणली जाते. आज्ञा तीच, फक्त मोजणी वेगळी.

मूळ हिब्रूत येथे 'शाव' हा शब्द आहे. पोकळ, निरर्थक, खोटे अशा त्याच्या छटा आहेत. त्या काळी व्यवहार, करार आणि न्यायनिवाडा देवाच्या नावाने शपथ घेऊन होत असे. देवाला साक्षीला ठेवून खोटे बोलणे म्हणजे देवालाच खोट्यात ओढणे, हा या आज्ञेचा गाभा. शरीराच्या अवयवांवरून किंवा शरीरधर्मांवरून दिलेल्या शिव्यांचा तिच्याशी थेट संबंध नाही.

येशूने कोणत्या शब्दांबद्दल बजावले?

मत्तयच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनात येशू मनुष्यहत्येच्या आज्ञेविषयी बोलतो आणि लगेच बोलण्याकडे वळतो. भावावर रागावणे आणि त्याला हीन लेखून हाक मारणे या गोष्टी तो हत्येच्या रांगेत नेऊन बसवतो. तेथे दोन शब्दांचा उल्लेख आहे. पहिला 'राका' हा अरामी शब्द, म्हणजे रिकाम्या डोक्याचा. दुसऱ्याचा अर्थ मूर्ख.

या दोन शब्दांत अश्लील काहीच नाही. आजच्या दूरचित्रवाणीवर ते आवाज बंद न करता चालतील. शाळेत, कार्यालयात, घरात ते रोज कानावर पडतात. तरीही येशूने सर्वांत कडक इशारा त्यांच्याबद्दल दिला, कारण त्या शब्दांतून समोरच्या माणसाची किंमत शून्य ठरवली जाते. एकही 'घाण' शब्द न वापरता कोणाला पार मातीत मिळवणारा माणूस या कसोटीवर सहज नापास होतो.

याच प्रवचनात येशू शपथांबद्दलही बोलतो. होय असेल तर होय म्हणावे, नाही असेल तर नाही म्हणावे, शपथ वाहण्याची गरज पडू नये, असा त्याचा आशय आहे. क्वेकर पंथाच्या अनुयायांनी हा उपदेश शब्दशः घेतला आणि न्यायालयातही शपथ घ्यायला नकार दिला. त्यासाठी सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये अनेकांनी तुरुंगवास भोगला. पुढे कायद्याला त्यांच्यासाठी शपथेऐवजी प्रतिज्ञेचा पर्याय द्यावा लागला. भारतीय संविधानातही मंत्री आणि लोकप्रतिनिधींना ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा असे दोन्ही पर्याय आहेत.

मग अश्लील शब्दांना मोकळीक आहे का?

नाही. त्याबद्दल पौलाची पत्रे स्पष्ट आहेत. इफिस आणि कलस्सै येथील मंडळ्यांना लिहिताना तो निंदा, शिवीगाळ, अमंगळ भाषण आणि बाष्कळ थट्टा टाकून द्यायला सांगतो. इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात वाईट बोलण्यासाठी वापरलेला ग्रीक शब्द कुजलेल्या फळांसाठी किंवा माशांसाठी वापरला जात असे. तोंडातून सडके नको, ऐकणाऱ्याच्या उपयोगाचे निघावे, असा त्याचा आग्रह आहे.

याकोबाच्या पत्रात जिभेवर जवळपास एक अख्खा अध्याय खर्च झाला आहे. घोड्याच्या तोंडातील लगाम, जहाजाचे सुकाणू आणि रान पेटवणारी ठिणगी असे दाखले देऊन तो म्हणतो, की एकाच मुखाने देवाची स्तुती करायची आणि त्याच मुखाने देवाने घडवलेल्या माणसांना शाप द्यायचा, हे जुळत नाही.

बायबलमध्येच कडक भाषा आहे, त्याचे काय?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. येशूने परूशांना सापाची पिल्ले म्हटले, हेरोदाला कोल्हा म्हटले. इतकेच नव्हे, तर 'मूर्ख' हा शब्दही त्याने परूशांना उद्देशून वापरला आहे. संदेष्टा यहेज्केल यरुशलेमच्या बेइमानीचे वर्णन इतक्या उघड लैंगिक भाषेत करतो, की ते अध्याय प्रार्थनासभेत सहसा वाचले जात नाहीत. फिलिप्पैकरांस लिहिताना खुद्द पौल आपल्या पूर्वीच्या प्रतिष्ठेला 'स्कुबाला' म्हणतो. या ग्रीक शब्दाचा अर्थ विष्ठा किंवा उकिरड्यावर टाकण्याची घाण. तो त्या काळी किती असभ्य मानला जात होता, यावर अभ्यासकांमध्ये आजही वाद आहे.

पुढच्या काळात प्रोटेस्टंट सुधारणेचे प्रणेते मार्टिन ल्यूथर यांनी १५४५ मध्ये पोपविरोधात लिहिलेल्या पुस्तिकेत मलमूत्राच्या उपमांची खैरात केली. त्याचे समर्थन आज फारसे कोणी करत नाही. मात्र बायबलमधील कठोर शब्दांबद्दल चर्चचे सर्वसाधारण स्पष्टीकरण असे, की ते सत्तेचा आणि धर्माचा गैरवापर करणाऱ्यांना जागे करण्यासाठी आहेत, दुबळ्याला चिरडण्यासाठी नाहीत.

कॅथलिक चर्च पापाची तीव्रता कशी ठरवते?

कॅथलिक शिकवणुकीत पापाचे दोन स्तर आहेत : गंभीर आणि क्षम्य. पाप गंभीर ठरण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. कृती मुळात गंभीर हवी, ती चूक आहे हे पूर्ण माहीत हवे आणि ती समजून-उमजून केलेली हवी. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात ईशनिंदा हे स्वतःच गंभीर पाप म्हटले आहे. पायाला ठेच लागल्यावर सुटलेल्या शब्दाला हे तिन्ही निकष लागू होणे अवघड.

तेराव्या शतकातील विचारवंत थॉमस अक्वायनस यांनी यावर बारकाईने लिहिले आहे. शब्द म्हणजे नुसता आवाज, त्या आवाजाने इजा होत नाही. इजा होते ती अर्थाने. त्यामुळे समोरच्याची अब्रू घालवण्याचा हेतू असेल तर अपमान गंभीर पाप ठरतो. हलक्या मनाने किंवा क्षणिक रागात, तसा हेतू नसताना बोललेले सहसा क्षम्य ठरते. मात्र बोलणाऱ्याने शब्द जपून वापरावेत, कारण हेतू नसतानाही समोरचा दुखावू शकतो, असेही ते बजावतात.

पोपच्या २०१४ मधील शब्दात हेतूच नव्हता. २०२४ मधील शब्दाबाबतही दुखावण्याचा हेतू नव्हता, असेच व्हॅटिकनने सांगितले. पण तो शब्द एका समूहाला लागला होता, म्हणून माफी आली.

प्रोटेस्टंट पंथांची भूमिका वेगळी आहे का?

प्रोटेस्टंट पंथ साधारणपणे पापाची अशी दोन स्तरांत विभागणी करत नाहीत आणि पापक्षमेसाठी धर्मगुरूसमोर कबुली देणेही सक्तीचे मानत नाहीत. तिथे भर आचरणावर आणि अंतःकरणावर असतो. मेथडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली यांनी १७४३ मध्ये अनुयायांसाठी नियम काढले. टाळायच्या गोष्टींच्या यादीत देवाचे नाव व्यर्थ घेणे होतेच, शिवाय प्रेमशून्य आणि निरुपयोगी गप्पाही होत्या.

'ओ माय गॉड' म्हणणे पाप आहे का?

मोबाइलवर रोज टाइप होणारा 'ओएमजी' याच चर्चेत येतो. अनेक ख्रिस्ती कुटुंबांत मुलांना शिवीइतकेच यावरूनही टोकले जाते. संकटात मनापासून घेतलेले देवाचे नाव ही प्रार्थनाच. पण चपलांच्या सवलतीची जाहिरात पाहून काढलेला उद्गार पोकळ वापरात मोडतो, असे पारंपरिक मत आहे. निंदेचा हेतू नसला तरी त्यात आदराचा अभाव आहे, असे कॅथलिक शिकवण सांगते. इंग्रजीतील 'गॉश' आणि 'जीझ' हे उद्गार याच संकोचातून घडले. देवाचे किंवा येशूचे नाव थोडे मोडून घ्यायचे, म्हणजे आज्ञाही मोडत नाही, अशी ती पळवाट.

कायद्याने शिव्या थांबल्या का?

प्रयत्न पुष्कळ झाले. इंग्लंडमध्ये १६०६ च्या कायद्याने रंगमंचावर देवाचे नाव थट्टेने घेतल्यास दहा पौंड दंड ठेवला. १७४५ च्या कायद्यात तर दर्जानुसार दर होते. मजूर, शिपाई किंवा खलाशी असेल तर एक शिलिंग, त्याहून वरचा पण 'सद्गृहस्थ' नसेल तर दोन आणि सद्गृहस्थ असेल तर पाच. हा कायदा चर्चमध्ये वर्षातून चार वेळा वाचून दाखवावा लागे. तो १९६७ मध्ये रद्द झाला.

कॅनडातील क्विबेक प्रांतात उलटेच घडले. तिथे कॅथलिक चर्चचा समाजावर १९६० च्या दशकापर्यंत मोठा पगडा होता आणि तिथल्या फ्रेंचमधील सर्वांत जहाल शिव्या चर्चमधील वस्तूंवरून आल्या : पवित्र भाकर, ती ठेवण्याची पेटी, द्राक्षरसाचा पेला. पॅरिसच्या माणसाला त्या ऐकून राग येत नाही, नवल वाटते. शब्दांची यादी करून पाप ठरवता येत नाही, याचे हे ठळक उदाहरण.

रागाच्या भरात देवालाच बोल लावले तर?

अनेक भाविकांना खरी भीती असते ती याची. जवळच्या माणसाचा मृत्यू, आजार किंवा कर्ज अशा प्रसंगी तोंडून देवाविरुद्ध काही निघून जाते. पवित्र आत्म्याविरुद्धच्या निंदेला क्षमा नाही, असे बायबलमध्ये आहे. ते आठवून आपण कायमचे बाद झालो, असे काहींना वाटू लागते. कॅथलिक शिकवणुकीनुसार त्या वचनाचा रोख देवाची क्षमा जाणूनबुजून, अखेरपर्यंत नाकारणाऱ्या वृत्तीवर आहे, दुःखात सुटलेल्या वाक्यावर नाही. ईयोब देवाशी भांडला, स्तोत्रांत देवाला जाब विचारला गेला आहे, आणि हे सगळे धर्मग्रंथातच जपले गेले.

आणखी एक दाखला पेत्राचा. येशूला अटक झाली त्या रात्री पेत्राने आपण त्याला ओळखतच नाही, असे शाप उच्चारून आणि शपथा वाहून सांगितले. नंतर तो ढसाढसा रडला. पुढे तोच सुरुवातीच्या मंडळीचा प्रमुख झाला.

थोडक्यात उत्तर काय?

घाण बोलण्याची सवय ख्रिस्ती धर्म चुकीची मानतो आणि ती सोडायला सांगतो. पण पापाचे वजन करताना शब्द किती असभ्य आहे, यापेक्षा तीन गोष्टी आधी पाहिल्या जातात : देवाचे नाव कशासाठी घेतले, समोरच्या माणसाला किती खाली पाडले आणि ते जाणूनबुजून केले का. ठेच लागल्यावर निघालेली शिवी या मोजमापात हलकी भरते. घरातल्या कामवालीला किंवा स्वतःच्या मुलाला शांत आवाजात 'तुला अक्कलच नाही' असे ऐकवणे मात्र जड भरते, जरी त्यात एकही शिवी नसली तरी.