दोन वैद्यकीय महाविद्यालये आणि एक निवड

पावसाला सुरुवात होते न होते तोच आमच्याकडे एका ठरावीक प्रकारच्या पाहुण्यांची ये-जा सुरू होते. बारावीनंतरची 'नीट' परीक्षा झालेली असते, गुण हाती आलेले असतात, आणि प्रवेशाच्या पसंतीक्रमाचा अर्ज भरावयाचा असतो. अशाच एका संध्याकाळी आमच्या परिचयाचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. कागदावर मुंबईतील दोन नावे लिहिलेली होती : ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय आणि शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय. गृहस्थांनी विचारले, "यांपैकी चांगले कोणते, एवढेच सांगा."

प्रश्न सरळ दिसतो, पण तो अर्धाच आहे. चांगले कोणासाठी आणि कशासाठी, हे सांगितल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही. म्हणून आज या निवडीचा थोडा उलगडा करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम या दोन संस्थांचा पूर्ववृत्तांत पाहू. ग्रँट महाविद्यालय १८४५ साली सुरू झाले. मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांचे नाव त्याला दिलेले आहे. ते स्वतः मात्र १८३८ सालीच निवर्तले होते. शेजारचे रुग्णालय सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभे राहिले. १८५१ साली जी पहिली तुकडी बाहेर पडली, तीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. पुढे प्लेगच्या साथीत हाफकीन यांनी आपली प्रतिबंधक लस याच महाविद्यालयातील एका प्रयोगशाळेत सिद्ध केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली.

परळचे दुसरे महाविद्यालय १९२६ साली निघाले, आणि त्यामागे एक सल होता. सरकारी महाविद्यालयातील अध्यापकांच्या जागा बहुतेक इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे जात. पात्रता असूनही स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या हिंदी डॉक्टराला तेथे शिकविण्याची संधी दुर्मिळ होती. म्हणून शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली की, येथील अध्यापक सरकारी नोकरीत नसलेले, योग्य पात्रतेचे हिंदी गृहस्थच असावेत. के. ई. एम. रुग्णालय आणि हे महाविद्यालय मुंबई महानगरपालिकेने चालविले, आणि डॉ. जीवराज मेहता त्यांचे पहिले अधिष्ठाता झाले. त्या काळी या दोहोंतून एकाची निवड करणे ही केवळ सोयीची गोष्ट नव्हती. तीत स्वाभिमानाचाही प्रश्न होता.

आज तो प्रश्न उरलेला नाही. एक महाविद्यालय राज्य सरकारचे आहे, दुसरे महानगरपालिकेचे. परंतु दोन्ही १९९८ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. अभ्यासक्रम तोच, विद्यापीठाची परीक्षा तीच, पदवीही तीच. साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष आंतरवासिता, हा क्रमही दोन्हीकडे सारखाच. मग फरक कोठे शोधावयाचा?

पुष्कळ लोक तो गुणांच्या आकड्यात शोधतात. "जेथे शेवटचा प्रवेश अधिक गुणांवर बंद होतो ते महाविद्यालय श्रेष्ठ," असा सरळ हिशेब मांडतात. आमच्या गृहस्थांचेही तेच म्हणणे होते. इतके गुण मिळवून 'खालचे' महाविद्यालय घेतले, तर गुण वाया गेले! पण गुण म्हणजे बाजारात नेलेले पैसे नव्हेत की सगळे खर्च केल्याखेरीज परत येऊ नये. शिवाय येथे कार्य आणि कारण यांची गल्लत होते. नाव आहे म्हणून हुशार मुले येतात; हुशार मुले आली म्हणून निकाल चांगला लागतो; आणि निकाल चांगला लागला म्हणून नाव वाढते. या चक्रात शिक्षणाचा वाटा किती, हे त्या आकड्यावरून मुळीच कळत नाही.

आमच्या मते चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, रुग्ण. वैद्यक पुस्तकात वाचावयाचे असले तरी शिकावयाचे खाटेजवळ. बाह्यरुग्ण विभागात गर्दी आहे का, आणि त्या गर्दीत साधा ताप, खोकला, बाळंतपण हेही आहे का, की केवळ दुर्मिळ रोगच आहेत? दुसरी, त्या रुग्णापर्यंत विद्यार्थ्याचा हात पोहोचतो का? मोठ्या रुग्णालयात पदव्युत्तर विद्यार्थीही पुष्कळ असतात. पुढे ते उभे, मागे हा टाचा उंचावून पाहतो आहे, असे झाले तर गर्दीचा उपयोग काय? तिसरी, राहणे. वसतिगृहातील खोली, जेवण, रात्री वॉर्डातून परतण्याचा रस्ता, आणि नव्या मुलांना मिळणारी वागणूक. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे. पण तो तेथे पाळला जातो की नाही, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलांनाच विचारावे. चौथी, पैसा आणि बंधपत्र. शुल्क, खानावळ आणि शिक्षणानंतरच्या सेवेची अट यांचा हिशेब आधीच मांडावा.

अर्जाविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. जागावाटप गुणवत्तेच्या क्रमाने होते. तुमची पाळी आली की, तुमच्या यादीत वरून पाहत ज्या पहिल्या ठिकाणी जागा शिल्लक असेल ती मिळते. तेव्हा "वरचे मिळणार नाही, मग खालचेच आधी लिहू" ही शक्कल अंगाशी येते. जे मनापासून हवे तेच प्रथम लिहावे. न मिळाले तरी त्यामुळे पुढच्या पसंतीची संधी जात नाही. फेऱ्यांचे नियम मात्र त्या त्या वर्षी मुळातून वाचावेत.

हे सारे बोलणे होईपर्यंत मुलगी गप्प होती. शेवटी तिने विचारले, "मला तिथे रुग्णाशी बोलायला कधी मिळेल?" आम्ही गृहस्थांना म्हटले, "तुमच्या प्रश्नापेक्षा हा प्रश्न मोठा आहे. दोन्हीकडे एकेक सकाळ जाऊन या. दारावरची पाटी पाहू नका. बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर बसा." ते गेले, बसले, आणि मुलीने आपला क्रम आपल्या हाताने लिहिला. तो काय होता हे येथे सांगत नाही. सांगितले तर वाचक तेवढाच उचलतील आणि त्यामागची रीत टाकून देतील.

हीच रीत १९६२ साली निघालेल्या मिरजेच्या किंवा १९६३ साली निघालेल्या सोलापूरच्या महाविद्यालयालाही लावता येते. आणि हा केवळ विद्यार्थ्यांच्या आईबापांचा विषय आहे असेही कोणी समजू नये. आज जो मुलगा नुसता आकडा पाहून महाविद्यालय निवडतो, तोच उद्या आपल्या उशाशी येऊन आपली नाडी पाहणार आहे. त्याने रुग्णाशी बोलणे कोठे आणि कोणाकडून शिकले, याची चौकशी आपणही केली पाहिजे. कारण अखेर त्या निवडीचे फळ आपल्यालाच भोगावयाचे आहे.